थोरल्यांची कण्हेर

आमच्या थोरल्यांच्या तोंडी 'बहुतेक' हा शब्द नव्हता. 'असेल', 'बघू या', 'सांगता येत नाही' हेही नव्हते. मचवा आज बंदराला लागेल का, झाडावरचा फणस कापा की बरका, कुणाच्या सुनेला मुलगा होईल की मुलगी, काहीही विचारा, हातातलं काम न थांबवता थोरल्या उत्तर द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "मी सांगत्ये ना." तेवढ्यानं विचारणाऱ्याचं समाधान होई. आमच्या घरापासून वरच्या रस्त्याला जाणारी चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट होती. तिला पाखाडी म्हणायचे. त्या पाखाडीच्या दोन्ही अंगांच्या घरांत थोरल्यांनी एखादी गोष्ट सांगितली की पुढे कुणी वाद घालत नसे.

थोरल्या म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी संगमेश्वराकडची, नदीकाठी वाढलेली. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि थोरल्यांनाही. दोघांचीही मला सारखीच भीती वाटली. सन तीसच्या आसपासची ही गोष्ट. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात सासूपण आणि जाऊपण दोन्ही थोरल्यांकडेच होतं. थोरले दीर, त्यांना सगळे दादा म्हणत, स्वतःच्या मचव्याचे तांडेल. पावसाळा सरला की कौलं आणि नारळ भरून जे निघायचे ते अधूनमधून तोंड दाखवायला येत आणि पाऊस तोंडावर आला की घरी मुक्कामाला. आमचे हे कचेरीत कारकून. घर चालवत होत्या थोरल्या.

पहिल्या वर्षी मी त्यांची चूक धरायला टपून बसले होते, हे लपवत नाही. नव्या नवरीला दुसरं काय काम असतं? एकदा परसातला फणस उतरवला. थोरल्यांनी त्यावर नुसती बोटं वाजवली आणि म्हणाल्या, "कापा हाय." मी म्हटलं, "थोरल्या, वास तर बरक्याचा येतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फणस फोडला. कापा निघाला, गरे कसे टणक आणि मधासारखे गोड. त्यातला पहिला गरा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. वास घेत बसू नको." तेव्हापासून मी त्यांची चूक धरायचा नाद सोडला आणि हळूहळू, माझ्याही नकळत, 'आमच्या थोरल्या' असं जरा छाती काढून म्हणायला लागले.

थोरल्यांचा जीव दोन गोष्टींत होता. एक कण्हेर आणि दुसरा खंड्या.

कण्हेर दादांनी आणलेली. वर गुजरातच्या बाजूच्या कुठल्याशा बंदरातून ओल्या गोणपाटात फांद्या गुंडाळून आणल्या आणि समुद्राकडच्या दगडी गडग्याला लागून ओळीनं रोवल्या. खारं वारं असो, कातळ असो, कण्हेर हटत नाही. बघता बघता कुंपण उभं राहिलं, गुलाबी फुलांनी लगडलेलं. शेजारच्या शेळ्यांनी आमची अबोली, जास्वंद, सगळं फस्त केलं होतं. कण्हेर मात्र त्या हुंगतही नसत. दादा म्हणायचे, मचवा खाडीच्या तोंडाशी आला की आधी ती गुलाबी रेघ दिसते, मग घराची कौलं. थोरल्यांना या बोलण्याचा इतका अभिमान की आल्यागेल्याला त्या ते ऐकवायच्या, आणि निघताना एक फांदी हातात द्यायच्या. पाखाडीवरच्या प्रत्येक घरात आमच्या कण्हेरीची फांदी रुजली होती.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू असताना टोपलीतल्या मासळीवर खंड्या पक्ष्यासारखी वरून झडप घालायचा म्हणून खंड्या. थोरल्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. पण खंड्या आजारी पडला की थोरल्या जेवत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याशी बोलतानाही त्यांचा स्वर तोच. "भूक नाय तुला. मी सांगत्ये ना." आणि खंड्या खरंच थाळीपासून तोंड फिरवायचा.

आता पाखाडीवर कण्हेरीच्या फांद्या वाटल्या आणि तिथं प्रत्येक दारात एखादं कुत्रं, म्हटल्यावर प्रश्न निघणारच. तो काढला सगळ्यांत वरच्या घरातल्या बाबल्याच्या आईनं. बाबल्याची आई म्हणजे थोरल्यांचं एकही बोलणं न खोडता जिला अन्न गोड लागत नसे अशी पाखाडीतली एकमेव बाई. ती म्हणाली, "माझ्या भावाची गाय कण्हेर खाऊन मेली. कुत्र्याच्या दारात हे झाड बरं नाय."

थोरल्यांनी सगळ्या बायकांना अंगणात उभं केलं, खंड्याला बोलावलं आणि कण्हेरीचं एक पान त्याच्या नाकाशी धरलं. खंड्या चपला खायचा, सुंभ खायचा, एकदा दादांची विडीची पुडी खाल्ली होती. पण त्या पानाचा वास घेऊन तो शिंकला आणि मान वळवून निघून गेला. थोरल्यांचा चेहरा असा फुलला की खंड्या जणू मॅट्रिक पास झाला. "बघितलंत? जनावराला कळतं. कण्हेर दारात खुशाल लावा, कुत्रं तोंड लावायचं नाय. मी सांगत्ये ना."

आणि ते खरंच होतं. खंड्यानं कण्हेरीच्या पानाला, फुलाला जन्मात तोंड लावलं नाही. घात झाला तो दुसऱ्याच वाटेनं.

देवाला वाहिलेली फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात. ती पायाखाली येऊ नयेत हा आपल्याकडचा रिवाज. कुणी समुद्रात सोडतं, कुणी झाडाच्या बुंध्याशी ठेवतं. थोरल्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. विहिरीजवळ चिऱ्याची एक दोणी होती, माडांना पाणी देण्यासाठी भरून ठेवायची. थोरल्या निर्माल्य त्या दोणीत टाकायच्या. तळाचा बोळा काढला की पाटानं ते पाणी माडांना जायचं. "देवाचं फूल पायदळीही नाय आणि वायाही नाय," असं त्या म्हणायच्या, आणि पाखाडीवरच्या दोन-तीन घरांनी त्यांचं बघून तीच पद्धत उचलली होती.

रोज चार फुलं असायची, बोळाही रोज निघायचा, म्हणून कधी काही झालं नाही. पण त्या वर्षीच्या महाशिवरात्रीला थोरल्यांनी पिंडीवर कण्हेरीची रास घातली. पिंडी दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रास दोणीत गेली. पारण्याला माणसं जेवायला होती, मी आणि थोरल्या चुलीपुढून हललो नाही, आणि बोळा काढायचं राहून गेलं. ऊन कडक. खंड्याचं पाणी ओसरीखाली मातीच्या परळात असायचं, ते आटून गेलेलं. खंड्या दोणीवर पाय टेकून पाणी प्यायला असणार. आम्ही पाहिलं तेव्हा तो माडाच्या मुळाशी पडून ओकत होता, तोंडातून लाळ गळत होती, आणि उठायला गेला की मागचे पाय वाकत होते.

 थोरल्यांनी जुन्या लुगड्याचा पदर फाडला, त्यात खंड्याला घेतलं आणि छातीशी धरून पाखाडी चढायला लागल्या. मी मागोमाग. भर दुपारी, भर बाजारातून, चांगल्या घरची बाई कुत्रं कडेवर घेऊन चालली आहे, हे रत्नागिरीनं तोवर पाहिलं नसावं. दुकानांतून माना वळल्या. कुणी तरी हसलं. थोरल्यांची मान ताठ होती, पण पाय जवळजवळ धावत होते, ते मी एकटीनं पाहिलं.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर देशावरचे होते. मोठ्या आवाजात बोलायचे, पण हात हलका. त्यांनी खंड्याची छाती चाचपली आणि विचारलं, "घरात कण्हेर आहे का?"

"हाय," थोरल्या म्हणाल्या. "पण तो तोंड लावत नाय. तोंड लावायचाच नाय."

"बरं. पाणी कुठलं पितो?"

थोरल्या उत्तर द्यायला तोंड उघडून तशाच राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग अगदी हळू म्हणाल्या, "दोणीत निर्माल्य होतं. मीच टाकलं."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, कण्हेरीचं विष सगळ्या झाडात असतं, पानात, फुलात, फांदीत. फुलं भिजत पडली की पाण्यातही उतरतं. पान कडू लागतं म्हणून जनावर टाळतं, पण तहानलेलं जनावर पाणी टाळत नाही. हे विष काळजावर जातं, म्हणून त्याला चालू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही. ओकून पडलं तेवढं बरं झालं. त्यांनी घशातून काही औषध घातलं आणि म्हणाले, "आता वाट पाहायची, बाई. लवकर आणलंत हे चांगलं केलंत."

"जगेल ना?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. मी थोरल्यांकडे पाहिलं. वाटलं, आता म्हणतील, जगेल, मी सांगत्ये ना. त्या खंड्याला पुन्हा लुगड्यात गुंडाळत होत्या.

खंड्या वाचला. दोन दिवस थोरल्यांनी त्याला ओसरीवर गोणपाटावर निजवून ठेवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं मान उचलून त्यांचा हात चाटला, तेव्हा थोरल्या पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले. मग त्या उठल्या, डोळे पुसले, कोयता घेतला आणि कण्हेरीच्या कुंपणापाशी गेल्या.

मी म्हटलं, "थोरल्या, दादांना येऊ तरी द्या. त्यांनी लावलेली आहे."

"ते येईपर्यंत फुलं गळायची थांबणार हायत काय?" त्या म्हणाल्या आणि पहिला घाव घातला. दादांची ती गुलाबी रेघ संध्याकाळपर्यंत अंगणात आडवी झाली. माळ्याला बोलावू म्हटलं तर नको म्हणाल्या. जाळूही दिली नाही, धूरही वाईट असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाळूत खोल खड्डा करून सगळी पुरली. कुत्र्याला उकरता येऊ नये म्हणून वर चिरे ठेवले. हात सोलवटले होते, चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, झालं, इथं हे संपलं.

संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर थोरल्या ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. हळदीकुंकवाला निघावं तशा. मी विचारलं, कुठं? म्हणाल्या, "पाखाडीवर. प्रत्येक घरात आपली कण्हेर हाय, ती माझ्या सांगण्यावरनं."

मला त्यांच्यासाठी कसंसं वाटलं. ज्या बाईचा शब्द ऐकून लोकांनी झाडं लावली, तीच बाई आता दारोदार जाऊन मी चुकले म्हणणार. त्यानंतर त्यांचं कोण ऐकेल? त्यांच्याजवळ दागिने नव्हते, मूल नव्हतं. तो एक शब्दच काय तो होता. मी म्हटलं, "थोरल्या, मी जाऊन सांगते सगळ्यांना. तुम्ही कशाला?"

"शब्द माझा होता," त्या म्हणाल्या. "तू का जाशील?"

मग मी त्यांच्याबरोबर गेले. प्रत्येक दारात त्या तेच बोलल्या, उभ्या उभ्या, मान खाली न घालता. "मी म्हटलं होतं, कण्हेर कुत्र्याच्या दारात खुशाल लावा. ते चुकीचं होतं. पाण्यातनं बाधते. निर्माल्य दोणीत टाकायची पद्धत माझी, तीही चुकीची. झाड ठेवायचं की तोडायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण फूल पाण्यात नको आणि जनावराच्या वाटेत नको." बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. चहा घ्या म्हटलं तर घेतला नाही. एका घरातले म्हातारे ओटीवर बसले होते, ते हसून म्हणाले, "अगो, चुकलीस हेसुद्धा तू असं सांगत्येस की उलट बोलायची सोय नाय." थोरल्याही जराशा हसल्या.

सगळ्यांत शेवटी बाबल्याच्या आईचं दार. मला वाटत होतं, हे घर राहिलं तरी चालेल. तिला काही नव्यानं कळायचं नव्हतं. पण थोरल्या आत गेल्या आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाबल्याच्या आईनं कमरेवर हात ठेवले. "मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस," थोरल्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाय."

बाबल्याची आई पुढचं बोलणं तयार ठेवून बसली असणार.  पण तिनं कमरेवरचे हात काढले आणि विचारलं, "खंड्या आता खातो काय?" थोरल्या म्हणाल्या, "पेज प्यायला." बाबल्याची आई आत गेली आणि वाटीभर दूध घेऊन आली. येताना पाखाडीच्या पायऱ्या मी थोरल्यांच्या मागून उतरत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की भेटेल त्याला थांबवून सांगावं, बघा, या आमच्या थोरल्या जाऊबाई.

पाऊस तोंडावर आला तसे दादा आले. ते पायरी चढतात न चढतात तोच थोरल्या त्यांच्या हातात तांब्या देत म्हणाल्या, "तुमची कण्हेर मी तोडली." आणि सगळं सांगितलं. दादा खाली बसले. खंड्याच्या मानेवर हात फिरवत गडग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी आलो, रेघ दिसेना. वाटलं, किनारा चुकलो. आता घर ओळखू कशानं?"

"खंड्या भुंकेल," थोरल्या म्हणाल्या.

दादा असे हसले की हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं.

त्यानंतर थोरल्या बदलल्या. कुणी काही विचारलं तर आधी हातातलं काम थांबवायच्या. येत असेल ते सांगायच्या, नसेल येत तर म्हणायच्या, "ठाऊक नाय. विचारून सांगत्ये." सुरुवातीला लोक गोंधळले. पण काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की पूर्वी विचारायला येत त्याहून जास्त माणसं आता येतात. गडगा हातभर उंच करून घेतला आणि आत पुन्हा जास्वंद आणि अबोली लावायचं ठरवलं. पण प्रत्येक झाडाची फांदी आधी गुरांच्या दवाखान्यात दाखवून आणायच्या. "हे कुत्र्याला चालेल?" शेवटी डॉक्टर हात जोडून म्हणाले, "बाई, मी गुरांचा डॉक्टर आहे हो, झाडांचा नव्हे." तरी जास्वंदीला आणि अबोलीला त्यांनी होकार दिला. खंड्या म्हातारा होऊन, झोपेत गेला. त्याला जास्वंदीखालीच पुरलं.

पुढे यांना मुंबईत एका पेढीवर नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. त्या वर्षी थोरल्यांना बारीक ताप येत होता. अंगावरचं मांस झडलं होतं. तरी आगबोट येण्याच्या दिवशी त्या बंदरावर आल्या. पडावाची होडी आम्हाला बोटीवर न्यायला लागली होती, माणसं घाई करत होती. थोरल्या मला कामाचंच सांगत होत्या: कोकमं वरच्या डब्यात आहेत, मुंबईत कुत्रं पाळलंस तर पाणी रोज बदल.  मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "थोरल्या, भेट होईल ना आपली?"

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, ठाऊक नाय गो.

"होईल," त्या म्हणाल्या. "शिमग्याला तू येशील तेव्हा दारात मी उभी असेन. मी सांगत्ये ना."

इतक्या वर्षांनी ते शब्द ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नाही. डोळे पुसून पडावात चढले. बोट वळेपर्यंत त्या धक्क्यावर उभ्या होत्या.

शिमग्याच्या आधीच गावच्या माणसाबरोबर दादांचा निरोप आला. थोरल्या गेल्या.

म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत थोरल्या दोनदा चुकल्या. पहिली चूक सांगायला त्या ठेवणीतलं लुगडं नेसून घरोघर गेल्या. दुसरी सांगायला त्या उरल्या नाहीत, म्हणून ती मी सांगत्ये.